बॅटला पाय

शिवांजलीला सॉफ्टबॉलची बॅट फिरवायला शिकवता शिकवता संयोगिता मॅडमचे दोन महिने गेले. पोरगी शिरोळची, उसाच्या रानातली. बॅट कोयत्यासारखी वरून खाली मारायची. "नुसता हात नको गं. आधी मागची टाच फिरव, मग कंबर, हात शेवटी," असं म्हणत मॅडम रोज तिला धरून वळवायच्या.

उचगावच्या संघाविरुद्ध शेवटच्या डावात ते सगळं एकदम जमलं. टाच फिरली, कंबर फिरली आणि चेंडू उचगावच्या दोन पोरींच्या मधून सुसाट गेला. शिवांजलीनं बॅट टाकली, पळायला पाय उचलला आणि थांबली. वाकून बॅटला हात लावला, तो कपाळाला लावला, मग पळाली. तोवर मागच्या पोरीनं फेकलेला चेंडू तिच्याआधी पहिल्या बेसवर पोचला होता. ती आउट झाली आणि सामना एका रननं गेला.

मॅडम तरातरा मैदानात आल्या. "काय करत हुतीस गं तितं?"

"बॅटला पाय लागला, मॅडम."

"मग? नमस्कार मागनं करता येत न्हवता? दोन म्हैनं घसा कोरडा केला मी, आन् तू..."

बोलता बोलता त्यांचाच बूट वाटेत पडलेल्या बॅटला लागला. मॅडम तशाच ओरडत खाली वाकल्या, बॅटला लावलेला हात कपाळाला नेला. सगळ्या पोरी बघत होत्या.

"उद्या सकाळी सहाला ये," त्या म्हणाल्या. "बॅटचा स्विंग जमला तुला. आता बॅट लांब टाकायला शिकू."