ताजुद्दीनचाचांचा निवाडा

"चाचा, ती तुमचंच ऐकेल," तौकीर फोनवर म्हणाला होता. ताजुद्दीनचाचांना तेवढं पुरेसं होतं.

सौदीतल्या ताइफमधल्या कोकणी माणसांची भांडणं चाचांशिवाय मिटत नसत, निदान चाचांचा तरी तसा समज होता. गुलाबाच्या अत्तराचं दुकान पोरावर सोपवून ते अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर लगेच निघाले.

शरफुन्निसाच्या दाराशी तिचे पांढरे बूट होते आणि बुटांशेजारी दोरीनं आवळलेला मोठा खोका. गावी निघालेला खोका त्यांनी लांबूनही ओळखला असता. आपली माणसं तो असाच बांधतात. आडवी-उभी दोरी, आणि एका बाजूला जाड मार्करनं नाव, गाव, तालुका. नावाची बाजू भिंतीकडे होती. ती बघायची गरजच नव्हती.

"म्हणजे निघायची तयारी झालीच," चाचा म्हणाले.

"झाली," शरफुन्निसा म्हणाली. "बसा चाचा. चाय टाकते."

तौकीर सोफ्याच्या अगदी कडेला टेकला होता. त्यानं शरफुन्निसाला तलाक दिला त्याला तीन महिने उलटले होते, त्यानंतरची इद्दतीची मुदतही संपली होती. कारण साऱ्या जमातीला माहीत होतं. गावाकडची एक तरुण पोरगी त्याच्या मनात भरली होती आणि तिला सौदी दाखवायचं तो कबूल करून बसला होता. "शरफूला तरी सौदी कुणी दाखवलं? मीच ना!" हे वाक्य तो प्रत्येक दावतीत एकदा बिर्याणीआधी आणि एकदा बिर्याणीनंतर ऐकवायचा. शरफुन्निसा हॉस्पिटलात जाते हे चाचांना ठाऊक होतं. बायका घरखर्चाला हातभार लावतात, तसंच काहीतरी, असं त्यांनी धरलं होतं.

दिवस वाईट होते. सौदी पोरांना कामं द्यायची म्हणून एकेक धंदा परक्यांच्या हातून जात होता. मोबाईलच्या दुकानांतून सगळी बाहेरची माणसं उठवली, तेव्हा तौकीर ज्या दोस्ताच्या दुकानात बसायचा तेही बंद पडलं. हातात इकामा असेल तरच या मुलखात राहता येतं, आणि घरात एकाच्या इकाम्यावर बाकीचे टांगलेले असतात. तलाक झाला की ती गाठ सुटली. मग फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं चालतं व्हायचं. मोबाईलवर दोन बटणं दाबली की खलास.

दोघांची मुलगी सादिया पुस्तक घेऊन बाहेर आली. तिचं दहावीचं वर्ष होतं, परीक्षा तोंडावर आली होती. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाय, मधेच शाळा सुटली म्हणून वाईट नको वाटून घेऊ. गावाकडं पन चांगल्या शाळा हायत."

"आय ॲम नॉट गोइंग एनीव्हेअर," सादिया म्हणाली आणि आत निघून गेली.

पोरीचा हट्ट बघून चाचांचे डोळे भरून आले. लगोलग रागही आला.

"तौकीर, पोरीची परीक्षा होईपर्यंत तरी थांबव हे सगळं."

तौकीर एकदम सावरून बसला. "मला पन तेच पायजे, चाचा. परीक्षा होईपर्यंत. तुम्ही जरा शरफूला समजवा."

"तिला समजवू? करायचं तू आनि समजवायचं तिला?"

"तसं नाय चाचा, नियम असा हाय की..."

"नियम मला शिकवतोस? तू जन्माला आला नव्हतास तेव्हापासून इकामा खिशात घेऊन फिरतोय मी!"

शरफुन्निसानं चहाचा ट्रे मधे ठेवला. तौकीरनं तिच्याकडे पाहिलं. ती चाचांच्या कपात साखर ढवळत होती.

चाचांना आता स्फुरण चढलं. असा बोलायचा मोका रोज येत नाही.

"ऐक माझा निवाडा. घर मोडायचं तुझ्या मनात आलं, तिच्या नाय. मग हाल तिनं का सोसायचे? ज्यानं तलाक दिला, त्यानंच सोसायचं. हिचं घर, पोरीची शाळा, यातलं इथून कायपन हलनार नाय. सगळी जमात माझ्या मागं उभी करीन. बोल, मान्य हाय?"

एसी चालू असूनही तौकीरच्या कपाळावर घाम जमला. "चाचा, माझं जरा ऐकून तरी..."

"हाय का नाय?"

दावतीतला तो सगळा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "हाय," तौकीर पुटपुटला.

"आनि बाय, तुला?"

"तुमचा शब्द डोक्यावर, चाचा," शरफुन्निसा म्हणाली, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

चाचांचा ऊर भरून आला. इतका चोख निवाडा त्यांनाही आजवर जमला नव्हता. चहा एका घोटात संपवून ते उठले आणि तडक दाराशी गेले.

"हा खोका मी माझ्या हातानं आत नेऊन ठेवनार!"

"चाचा, जड आहे," शरफुन्निसा म्हणाली. पण चाचा वाकलेसुद्धा होते. त्यांनी दोरीत बोटं घातली, जोर लावून खोका भिंतीपासून ओढला, आणि मार्करची काळीभोर अक्षरं त्यांच्यासमोर आली. तौकीर हसन परकार, तालुका राजापूर.

चाचांनी ती दोनदा वाचली. मग तौकीरकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"खोका तिथंच राहू दे, चाचा," शरफुन्निसा म्हणाली. "या मुलखात नर्स म्हणून आले ती मी. बाईबरोबर मेहरम लागतो, घरचा पुरुष, म्हणून हे माझ्या इकाम्यावर आले होते. आता ते माझे कुणी नाहीत, तेव्हा त्यांचं फायनल एक्झिट मी सकाळीच काढलं."