पूर्ण खात्री

मेंदूतली खात्री मोजणाऱ्या टोपीची आकडेवारी शाल्मलीने सकाळी जगासाठी खुली केली. प्रयोगात टोपी घालून खऱ्या-खोट्या साक्षी ओळखणाऱ्या प्रत्येकाला आता आपल्या निकालाची ओळ वाचता येत होती. तिचे वडील, निवृत्त न्यायाधीश अण्णा, यांनीही टोपी घातली होती. चहा पिता पिता ते म्हणाले, “बघू तरी, शालू, बापाला किती मार्क दिलेस!”

त्यांनी ओळ वाचली. मनात शंका होती तिथे त्यांची बहुतेक उत्तरं बरोबर होती. पूर्ण खात्री होती तिथे निम्मी चुकली होती.

त्यांनी कप खाली ठेवून ती ओळ पुन्हा वाचली.

“अण्णा, नुसता प्रयोग आहे हो तो,” शाल्मली घाईने म्हणाली.

“पूर्ण खात्री झाल्याशिवाय मी कुणालाही फाशी सुनावली नाही.”

“किती जण होते?” तिच्या तोंडून निघून गेलं.

अण्णांनी आकडा सांगितला नाही. ते एकेकाचं नाव घेऊ लागले.