दोन सुरांचा हॉर्न

माझ्या जुन्या टॅक्सीचा दोन सुरांचा हॉर्न जळाला आणि आईने टोपली खाली सोडणं बंद केलं. ती चौथ्या मजल्यावर एकटी राहते, डोळ्यांनी दिसत नाही. मी खालून हॉर्न दिला की ती बाल्कनीतून दोरीची टोपली सोडायची आणि मी त्यात गरम भाकरी ठेवायचो. नवा हॉर्न ऐकून म्हणाली, "हा कुणाचा बोकड ओरडतोय? हा माझा लेक शौकी नव्हे."

दोन वर्षं मी दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढलो आणि कैरोचे सगळे भंगारबाजार पालथे घातले. शेवटी काल तौफिकिया बाजारातल्या एका दुकानदाराने फडक्यातून तस्साच हॉर्न काढला.

"नशीब काढलंत, उस्ताद. हाही टॅक्सीचाच. गाडी मोडीत गेली, हा तेवढा वाचला."

आज दुपारी गल्लीत शिरून मी तो दाबला. टोपली डुलत खाली आली.

"आलास होय रे गाढवा!" आई वरून हसत ओरडली.

माझा जीव भांड्यात पडला. भाकरी ठेवून मी दोरी हलवली.

तेवढ्यात माझ्या खांद्याला काहीतरी टेकलं. दुसरी टोपली होती, रिकामी, वेत काळा पडलेला. मी तिच्या दोरीमागे नजर वर नेली. ती आईच्या बाल्कनीच्याही वर गेली होती.

आमच्या इमारतीला चारच मजले आहेत.

आणि तिथून, आईच्या डोक्यावरून, कुणी म्हातारी आनंदाने रडत म्हणत होती, "आलास रे बाळा, एकदाचा आलास!"