तिसरी क्लचप्लेट

"सर, ही प्लेट मी पोळ्याले टाकलती. दिवाळी अजून व्हायची हाय," हिरासिंगनं जळकी क्लचप्लेट नीळकंठरावांच्या नाकासमोर धरली. "गाडी चालवता का वखराले जुंपता?"

नीळकंठरावांनी चष्मा पुसला. तहसील कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस, विचारल्याचं सरळ उत्तर देईल तर शपथ. "जुनी झाली रे गाडी," एवढंच म्हणाले.

जुनी तर होतीच. एकोणनव्वद सालची छोटी लाल गाडी. पण गाडी जुनी झाली म्हणून काय दोन महिन्यांत नवी प्लेट खाते? वर्षात ही तिसरी! हिरासिंगला चैन पडेना. त्याच्या हातचं काम असं वाया गेलेलं दारव्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं.

गाडी विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही दोनदा परतलेलं. कळंबचे पंजाबराव. जिनिंगमधली नोकरी सुटली म्हणून त्यांना टॅक्सी टाकायची होती. त्या वर्षांत जिल्ह्यात कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, पण कापसावर लिहिणारे आणि पाहणी करणारे रोज मुंबई-दिल्लीहून उतरायचे, आणि त्यांना गावोगाव हिंडायला गाडी लागायची. पंजाबराव आले की चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही.

गाडी विकली की नीळकंठराव आणि शोभाताई कायमचे पुण्याला जाणार होते. मुलगा श्रेयस आणि नात तिथं. दोघांची खोली रंगवून तयार. फक्त गाडीचा निकाल लागायचा, मग श्रेयस टेम्पो घेऊन येणार आणि चाळीस वर्षांचा इथला संसार उचलून नेणार.

तेवढ्यात शोभाताई चहाचा थर्मास घेऊन आल्या. घर गॅरेजच्याच गल्लीत होतं.

"भाऊ, शुक्रवारपर्यंत करा हो. यांचं जाणं अडून बसलंय." मग पदर सावरून त्या गाडीशी वाकल्या. शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाई, विचारल्याशिवाय राहवतंय थोडंच! ही प्लेट कुठं बसते, ही वायर कशाची, हा दांडा खाली कशाला जोडलाय?

हिरासिंगनं कौतुकानं सगळं दाखवलं. "गिअरबी ढिला हाय, ताई. दांड्याखालचं हे कडं, बुश, झिजलं. तेबी बदलतो."

"बदला, बदला," म्हणत ताई गेल्या.

हिरासिंगनं क्लचची वायर उचलली आणि थबकला. मघाशी ती सोडताना नट किती वेळ फिरवावा लागला होता! पोळ्याला तर त्यानं तो स्वतः सैल ठेवला होता. आता तो एवढा आवळलेला होता, की पाय काढला तरी क्लच पुरता बसत नाही. प्लेट घासत राहते आणि जळते. आपोआप आवळला जाणारा नट त्याच्या उभ्या जन्मात त्याला भेटला नव्हता.

त्यानं नीळकंठरावांच्या हातांकडं पाहिलं. नखांत काळं ग्रीस.

"सर!"

"ओरडू नकोस. मीच केलं." नीळकंठराव स्टुलावर बसले. "तुझ्याकडं आणण्याआधी सैल करायचो. या वेळी विसरलो."

"काहून पन?"

"मला नाही जायचं रे पुण्याला. इथं बाजारात निघालो तर चार पावलांवर कोणी तरी थांबवतं. तिथं दिवसभर खिडकीत बसून काय करू?"

"मंग ताईले सांगा ना सरळ."

"कोणत्या तोंडानं? तिचा जीव नातीत अडकलाय. आयुष्यभर माझ्या मनासारखं वागली बिचारी."

हिरासिंगला गलबलून आलं. रागबिग कुठल्या कुठं गेला. "पार्ट येऊन नाही राह्यला म्हनून सांगतो. महिनाभर ढकलतो मी. तुमी घोर नका करू."

नीळकंठरावांनी जळकी प्लेट उचलून बाजूला ठेवली. मग मान हलवली. "नको. चांगली बसव. एकदा तरी तिच्या मनासारखं होऊ दे. श्रेयसला आजच फोन करतो, टेम्पो घेऊन ये म्हणून."

गुरुवारी हिरासिंगनं जीव ओतून काम केलं. नवी प्लेट, नवं बेअरिंग, नवी वायर. गिअरच्या दांड्याखाली नवं बुश घालून दांडा जोडणारी पिन ठोकली, ती निसटू नये म्हणून तिची टोकं स्वतः वाकवली. चढावर दोन फेऱ्या मारल्या. गाडी अशी चालली, की विकावीशी वाटेना. दिवेलागणीच्या आत त्यानं ती नीळकंठरावांच्या दारात नेऊन लावली.

शुक्रवारी सकाळी पंजाबराव आले. हिरासिंग मुद्दाम हजर होता. पंजाबरावांनी क्लच दाबला, सोडला, खूश झाले. "आता कसं! हे झालं काम."

त्यांनी गिअरचा दांडा पुढं ढकलला. दांडा पुढं गेला, मागं आला, गोल फिरला. गाडीला त्याचं काही सोयरसुतकच नाही.

"ही काय थट्टा लावली हो?" पंजाबराव उतरले. "राहू द्या. मी पुसदची गाडी पाहून घेतो."

हिरासिंगचं टाळकं सरकलं. त्यानं नीळकंठरावांना डोळ्यांनीच विचारलं. पण ते पांढरेफटक पडले होते.

"देवाशपथ, याला मी हात नाही लावला," ते पुटपुटले. "उद्या टेम्पो येतोय रे!" आणि पंजाबरावांना थांबवायला, धोतर सावरत, गल्लीतून धावत सुटले.

हिरासिंगनं दांड्याचं रबर वर सरकवलं. पिन नव्हती. तो आडवा होऊन सीटखाली चाचपू लागला.

शोभाताई गाडीच्या खिडकीशी आल्या. आधी नवऱ्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडं पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"शोधू नका, भाऊ. मीच काढली. यांना पुण्याची एवढी ओढ लागलीय, स्वतः फोन करून टेम्पो बोलावलाय. आता कसं सांगू यांना, की मला इथून हलायचंच नाही?"