चारांतलं दुसरं गाणं

"ह्या गाण्यात काय म्हणतोय गं?" नाचता नाचता नवऱ्याने विचारलं. अनघा कॉलेजात स्पॅनिश शिकवायची, म्हणून टँगोच्या वर्गात गाण्यांचे अर्थ तीच सांगायची. या गाण्यांत दगा बहुतेक बाईच देते आणि पुरुष गुत्त्यात बसून रडतो. हेही तसंच होतं. अनघाने आज अर्थ बदलला.

"एका बाईची गोष्ट आहे," ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली. "नवरा दर गुरुवारी मीटिंगहून उशिरा येतो, आणि अंगाला दुसऱ्याच घरच्या साबणाचा वास येतो."

वर्षभरात न चुकलेलं त्याचं पाऊल तिच्या पायावर पडलं. "गाणी लिहिणारे काय, काहीही लिहितात," तो हसला.

टँगोत एका जोडीदाराबरोबर सलग चार गाणी नाचायची, असा शिरस्ता आहे. मध्येच कुणी 'आभारी आहे' म्हणालं, की त्या जोडीदाराबरोबर पुढे नाचायचं नाही, असं समजायचं. दोघांनाही हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

हे दुसरंच गाणं होतं. ते तिने पुरं होऊ दिलं, मग त्याचा हात अलगद सोडला.

"आभारी आहे," ती म्हणाली.