तिसरं कडवं

प्रसिद्ध गायक तिलेक न्यायालयाच्या व्हरांड्यात शिरला, तेव्हा दारावरच्या पोलिसाने आधी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि मग त्याची झडती घेतली. बाकावर बसलेल्या बुरुलबाई लगबगीने उठल्या. हातात रुमालात गुंडाळलेली नान होती.

“आलास बाबा! बिश्केकहून पाच तासांचा रस्ता. घे, आधी घास मोड.”

“एजे, वेळ नाही हो. आत पुकारा झालाय.” एजे म्हणजे किर्गिझ भाषेत थोरली ताई; शाळेतल्या बाईंनाही तिथे असंच म्हणतात.

“वेळ नसणाऱ्यांसाठीच तर ही रीत आहे. कण तरी तोंडात टाक.”

पुढे केलेल्या नानला नाही म्हणणारा माणूस त्या खोऱ्यात अजून जन्मायचा होता. तिलेकने कड मोडली आणि चावत चावतच आत गेला.

बुरुलबाई वकिलाकडे वळल्या. वकील म्हणजे मेदेर, त्यांचाच जुना विद्यार्थी. सूर कधी लागला नाही म्हणून कायद्याकडे वळलेला.

“तो फोन ठेव खिशात.”

“एजे, स्टेडियममध्ये तो तिसरं कडवं गातोय ते यात आहे. चेहरा दिसतोय, आवाज येतोय. आत्ता दाखल केलं नाही तर नंतर घेत नाहीत.”

“त्यानं माझी नान खाल्लीय, मेदेर. आता त्याच्या तोंडासमोर पुरावा नाचवायचा? काय वाटेल त्याला?”

मेदेरने फोन खिशात टाकला. शाळेत असल्यापासून त्याला एजेंसमोर दुसऱ्यांदा बोलायची सवय नव्हती.

प्रकरण साधं होतं. बुरुलबाईंनी सातवीच्या मुलांना तिलेकचं ‘पाट’ हे गाणं शिकवलं होतं, आणि पाणीपुरवठा खात्याच्या दारात उभं करून म्हणून घेतलं होतं. गाणं राजकीय ठरलं, तर ती बिनपरवान्याची सभा. मग शाळेतली सव्वीस वर्षांची नोकरी गेली. राजकीय ठरलं नाही, तर तो संगीताचा तास. जरा मोकळ्या हवेत घेतलेला, इतकंच.

भाषातज्ज्ञांच्या त्रिसदस्यीय समितीने गाणं तपासलं होतं. न्यायाधीशांनी अहवाल वाचून दाखवला. पहिल्या कडव्यात म्हातारी आई कोरड्या पाटाशी बसून राहते, ते भावनिक. दुसऱ्यात जर्दाळूची झाडं वाळतात, ते पर्यावरणविषयक. तिसऱ्यात, पाटाची चावी ज्याच्या खिशात, त्याच्या दारात तहान नेण्याची भाषा आहे. ते राजकीय.

“थोडक्यात, जर्दाळूपर्यंत हरकत नाही,” न्यायाधीश म्हणाले. “पण ज्याचं गाणं त्यालाच विचारू. त्याआधी, तुमच्या बाजूनं आणखी काही दाखल करायचंय?”

मेदेरने बुरुलबाईंकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“नाही, साहेब.”

“ठीक. पुरावा संपला.”

तिलेक साक्षीला उभा राहिला. अंगावर सोनेरी नक्षीचा मखमली झगा होता. प्रांताच्या प्रमुखांनी गेल्याच महिन्यात भर मंचावर तो त्याच्या खांद्यांवर चढवला होता. गळ्याशी, नक्षीच्या जरीत नानचा एक कण अडकला होता.

“तुमची गाणी राजकीय असतात का?”

“नाही, साहेब. सामाजिक असतात.”

“फरक काय?”

“सामाजिक गाण्यात दोष कुणाचाच नसतो.”

बुरुलबाईंनी खुशीत मान डोलावली. गाणं राजकीय नाही, एवढंच तर त्यांना सिद्ध करायचं होतं.

“आणि तिसरं कडवं?”

“माझ्या गाण्याला दोनच कडवी आहेत.”

बुरुलबाई ताडकन उभ्या राहिल्या. “अरे तिलेक! गेल्या वसंतात दोन्ही हात वर करून म्हणत होतास ना? आम्ही वीस हजार माणसं तुझ्यामागून म्हणत होतो!”

“एजे, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय.” तिलेकचा आवाज मऊ होता, मुली ज्याच्यावर जीव टाकतात तसा. “नवं रेकॉर्डिंग ऐकून बघा. दोनच आहेत.”

नव्या रेकॉर्डिंगमध्ये खरोखरच दोन होती.

मेदेरचा हात खिशाकडे गेला.

“पुरावा संपलाय, वकीलसाहेब,” न्यायाधीशांनी आठवण करून दिली आणि नोंद सांगायला घेतली. गायकाची दोन कडवी राजकीय नाहीत. तिसरं कडवं गायकाचं नाही. ते मुलांना आरोपीने शिकवलं, सबब ते आरोपीनेच रचलं असं मानण्यात येत आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची गाणी शिकवून झाल्यावर बुरुलबाई अशा रीतीने एकदाच्या कवयित्री झाल्या.

“कडवं शब्दशः नोंदीत आलं पाहिजे. आरोपीनं सांगावं, लिपिकेनं टंकावं.”

लिपिका म्हणजे डोक्याला रुमाल बांधलेल्या एक पोक्त बाई. सकाळपासून त्यांनी मान वर केली नव्हती.

बुरुलबाई तिलेककडे बघत होत्या. त्याने खाली पाहिलं. झग्यावरचा कण त्याला दिसला. त्याने तो बोटाने झटकला, आणि नानचा कण जमिनीवर पडला.

“पाटाची चावी ज्याच्या खिशात...” बुरुलबाईंनी सुरुवात केली. पुढे आवाजच फुटेना.

सगळे थांबले. मेदेर थांबला, न्यायाधीश थांबले. फक्त कळांची टकटक थांबली नाही. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. चौथीच्या शेवटी पूर्णविराम देऊनच लिपिकाबाईंनी कळांवरून हात उचलले.