तळ्याकाठचा नियम

"तू ये ना आत, रोझविता. पण या बाईंना असं कपड्यांत नाही येता यायचं," विवस्त्र पोहणाऱ्यांच्या क्लबच्या फाटकावर उभा फोल्कर म्हणाला. त्याच्या अंगावर टोपीखेरीज काही नव्हतं, आणि नजर जमिनीवर होती.

रोझविता चाकांच्या खुर्चीत उघडी बसली होती. तिची देखभाल करणाऱ्या दानुताने गाडीपाशीच तिचे कपडे काढून दिले होते. लग्नाच्या आधीपासून तिचे सगळे उन्हाळे याच तळ्यात गेले होते, अंगावर सूतही न ठेवता. मग पाय गेले आणि तळंही सुटलं. या वर्षी क्लबने थेट पाण्यापर्यंत फळ्यांची वाट घातली, तेव्हा तिला वाटलं, आता पुन्हा पाण्यात उतरता येईल!

"अरे, ती मला उचलून पाण्यात उतरवते. तुला जमणारेय का ते?"

"माझी कंबर धरलीय गं. आणि आत कपडे चालत नाहीत. आज हिला सूट दिली, तर उद्या बघे घुसतील. नियम तुझाच आहे."

खरंच होतं ते. कपडे घालून टक लावत बसणाऱ्यांना तिनेच भांडून इथून हाकललं होतं.

"केला तेव्हा मी चालत होते," रोझविता म्हणाली.

तेवढ्यात दानुता खुर्चीमागून पुढे आली आणि सदऱ्याची बटणं सोडू लागली. पोलंडहून आलेली ही बाई रविवारचं चर्च न चुकवणारी. रोझविताला आंघोळ घालतानासुद्धा नजर बाजूला ठेवायची. रोझविताला भरून आलं. किती जीव आहे हिचा आपल्यावर!

"मनात नसेल तर राहू दे गं."

दानुताचे हात थांबले नाहीत. "नाही म्हटलं, तर मला कामावर ठेवाल का, बाई?"

रोझविताने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. पण तिचे डोळे पाण्यावर होते, आणि तेवढ्या वेळात तिने मनातल्या मनात दुसरी बाई शोधलीसुद्धा: धीट, इथलीच, कपड्यांचं काही न वाटणारी.

दानुता तिच्याकडे बघत होती. बोटं पुढच्या बटणावर होती.

रोझविताने पुढे वाकून तिचं मनगट धरलं.

"ठेवीन," ती म्हणाली. "आधी तुझी बटणं लाव. मग मला झगा घाल."